कोठीतली संध्याकाळची फेरी

जरा नाक चिमटीत धरा बघू. घट्ट. तोंडाने श्वास घेतला तरी चालेल, उगाच गुदमरून आईला हाका मारू नका.

आता असं समजा, की तुम्ही एका लांबट खोलीत उभे आहात. दोन्ही बाजूंना तुमच्याहून उंच पिंपं. त्यांत स्पिरिट आहे. दिसायला पाण्यासारखं, पण ठिणगी पडली की भडकणारं. पलीकडच्या खोलीत भट्टी आहे. भट्टीपुढे एक माणूस काडेपेटी हातात घेऊन थांबलाय आणि मधल्या दारातून तुम्हाला विचारतोय, "पेटवू का?" एखाद्या पिंपाची तोटी गळत असेल, तर हवेत त्याचा वास असेल. गळत नसेल, तर नसेल. हे ओळखायचं तुमच्यापाशी एकच साधन आहे, आणि ते तुम्ही चिमटीत धरून बसलाय.

काय सांगाल त्या माणसाला?

सोडा आता नाक, लाल झालं. आपल्या गोष्टीतल्या मुलीला मात्र ते तसं सोडता येत नव्हतं. तिला सडकून पडसं झालं होतं.

तिचं नाक बसकं, म्हणून घरात सगळे तिला नकटी म्हणत. पंधरा वर्षांची झाली तरी नकटीच. अत्तराच्या कारखान्याच्या मालकांची ती नात. घर एवढं मोठं, की जेवायला बोलवायचं तर आई हाक मारायची नाही, फोन करायची. आणि त्या घराची सगळी इभ्रत उभी होती आजोबांच्या नाकावर. बाटलीचं बूच उघडायच्या आत आजोबा आतलं अत्तर ओळखतात, असं लोक सांगत. थोडं तिखटमीठ लावत असतील, पण नाक खरंच तसं होतं.

त्या कारखान्यात एक जुनी रीत होती. भट्टी संध्याकाळी पेटायची आणि रात्रभर चालायची. पेटवण्याआधी घरातला सगळ्यांत मोठा माणूस कोठीतून, म्हणजे त्या पिंपांच्या खोलीतून, एक फेरी मारायचा. हुंगत हुंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि म्हणायचा, "साफ." तो शब्द कानावर पडल्याशिवाय भट्टीवाला काडी ओढायचा नाही. कामगारांच्या नाकांचा तिथे उपयोग नव्हता. दिवसभर वासात राहून ती बधिर झालेली असायची. म्हणून फेरी मारणारं नाक ताजं लागे. आजोबा स्वतः कधी अत्तर लावत नसत, कांदा खात नसत आणि दुपारभर बागेकडच्या खोलीत बसून असत.

एकदा एकजण गळती ओळखणारं यंत्र विकायला आला होता. गळती झाली की ते भोंगा वाजवणार. बाबा हसून म्हणाले, "अहो, आमचं यंत्र आत झोपाळ्यावर बसलंय. फक्त भोंगा वाजवत नाही, एवढंच." विकणारा चहा पिऊन गेला. ती गोष्ट पाहुण्यांना सांगताना सगळे हसत.

दोन वर्षांपूर्वी आजोबांना मोठा ताप आला. ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला.

हे पहिल्यांदा नकटीला कळलं. आजोबा वर्तमानपत्र वाचत होते आणि पाच पावलांवर दूध करपून काळं झालं होतं. घरभर धूर. आजोबांनी पान उलटलं. नकटी धावत आली, तिने गॅस बंद केला आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"आजोबा, तुम्हाला वास नाही आला?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण परीक्षेत कॉपी करताना पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"कुणाला सांगू नकोस गं नकटे," ते म्हणाले. "येईल परत."

परत काही आलं नाही. त्या दिवसापासून नकटी त्यांच्यासोबत फेरीला जायला लागली. तिचं नाक बसकं होतं, पण होतं त्यांच्याच जातकुळीचं. तिने त्यांचा हात धरायचा. हवा स्वच्छ असेल तर एकदा दाबायचा, स्पिरिटचा वास आला तर दोनदा. अत्तरं ओळखायची असली तर बोटं ठरलेली होती. अंगठा म्हणजे गुलाब, त्याच्याशेजारचं बोट मोगरा, मधलं चंदन, करंगळी लिंबू. लोक म्हणत, काय माया आहे नातीची! नकटीलाही गंमत वाटायची. एवढं मोठं गुपित आपल्या मुठीत, आणि कुणाला पत्ता नाही.

गंमत तीन महिन्यांपूर्वी संपली. शाळेची सहल होती आणि परतायला अंधार होणार होता. आजोबा नको म्हणाले. "मग फेरीचं काय?"

"रोज रोज काय फेरी! मला माझं काही आहे की नाही? आज अंगात कणकण आहे म्हणून सांगा ना तुम्ही!" असं म्हणून ती पाय आपटत निघून गेली.

आजोबांनी कणकण सांगितली नाही. त्यांच्या मानी स्वभावात ते बसलं नाही. ते एकटेच फेरीला गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "साफ."

भट्टीवाल्याने काडी ओढली.

कोठीची चावी सांभाळणारे कोठीकाका बाहेर हात धूत होते. भडक्याचा आवाज ऐकून ते आत धावले आणि भट्टीवाल्याला ओढून त्यांनी बाहेर काढलं. भट्टीवाला वाचला. कोठीकाकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

आता नीट लक्ष द्या, कारण पुढचा हिशोब मोठ्या माणसांनी फार सफाईने मांडला. आजोबांनी साफ सांगितलं होतं. म्हणजे फेरीच्या वेळी गळती नव्हती. म्हणजे तोटी त्यानंतर कुणीतरी उघडली. चावी कोणाकडे? कोठीकाकांकडे. झालं. पोलिसांनी तेच लिहून घेतलं, कारण त्या नाकावर शंका घ्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कोठीकाकांवर खटला भरला गेला. आणि सगळ्यांत वाईट काय, तर दवाखान्यात हातांना पट्ट्या बांधून पडलेले कोठीकाका स्वतःच म्हणायला लागले, "माझ्याच हातून राहिली असेल हो. आठवत नाही, पण राहिली असेल. थोरले साफ म्हणाले म्हणजे साफच होतं."

हे ऐकून नकटीने त्याच दिवशी आईबाबांना सगळं सांगितलं. तिला वाटलं, आता ते उठतील, गाडी काढतील आणि पोलिसांकडे जातील. बाबांनी उठून दार तेवढं लावलं.

"हे परत तोंडातून काढायचं नाही," ते म्हणाले. "कोठीवाल्याच्या घरचं आपण बघू. त्याला काही कमी पडू देणार नाही."

"पण त्यांना तुरुंगात टाकतील, बाबा!"

"थोडे दिवस. चुकून झालं म्हणून सुटेल तो. आजोबांचं नाव गेलं तर मात्र ते परत येत नाही."

त्या घरात तेव्हापासून सगळे हळू बोलायला लागले. चमचासुद्धा ताटात वाजायचा नाही.

उद्या खटल्याची तारीख होती. आणि आज संध्याकाळी साबणवाले येणार होते.

साबणवाले म्हणजे दुसरं बडं घराणं. अर्ध्या कारखान्याची राख झाल्यावर त्यांनीच भागीदारीत यायचं म्हटलं होतं. त्यांनी हात आखडता घेतला, तर घरादारासकट सगळं विकायला निघणार होतं. त्यांच्या घरच्या कर्त्या बाईंची एकच इच्छा होती. नव्याने बांधलेल्या कोठीत आजोबांची फेरी डोळ्यांनी बघायची, आणि मग सही करायची.

आणि नकटीचं नाक सकाळपासून चोंदलेलं. वाफ घेऊन झाली, गरम पाणी पिऊन झालं, औषध झालं. तिने डबीतला कापूर हुंगला. मग लसूण ठेचून हुंगला. दगड हुंगल्यासारखं वाटलं. दुपारी ती स्वयंपाकघरात आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, मला आज काहीही वास येत नाहीये. फेरी नको."

आई पाहुण्यांसाठी कप पुसत होती. तिचा हात थांबला. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

आईने कप पुन्हा पुसायला घेतला. पुसलेलाच पुसत राहिली. "नवीन पिंपं आहेत. नव्या तोट्या आहेत. कशाला गळतील? तू एकदा दाब हात. एकदाच. पुढे मी तुला कधी म्हणून सांगणार नाही."

"आई, त्या दिवशीपण कुणालातरी असंच वाटलं असेल. कशाला गळेल म्हणून."

"मग काय करू मी? सांग ना!" आईचा आवाज एकदम फुटला. "म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत उघडं पाडू? तुझ्या बाबांना रस्त्यावर आणू? नाक शिंक नीट, डोळे पूस आणि तो निळा फ्रॉक घाल."

मुलांनो, घरातली मोठी माणसं घाबरलेली असली की फार भीती वाटते. ती रागावली तर आपण रुसू तरी शकतो. घाबरली तर रुसायचं कुणावर? नकटीने निळा फ्रॉक घातला.

संध्याकाळ झाली. साबणवाल्या बाई आल्या. बाई ठेंगण्या, हसऱ्या, आणि चष्म्याच्या वरून बघायच्या. सोबत त्यांचे दोन भाऊ होते. तिघांच्याही कपड्यांना अत्तराचा घमघमाट, असं आई नंतर म्हणाली. नकटीला तोही आला नाही.

"हीच का ती नात?" बाई म्हणाल्या. "नाक तर केवढंसं आहे गं तुझं! आजोबांचं घेतलं नाहीस वाटतं?"

"घेतलंय ना," आजोबा हसून म्हणाले. "वापरून वापरून झिजलंय."

सगळे हसले. आजोबांचा हात नकटीच्या हातात होता. तो घामाने ओला झाला होता.

कोठीचं दार उघडलं. नवा रंग, नवं सिमेंट, ओळीने नवी पिंपं. खिडक्या बंद, कारण वारा सुटला की वास पळतो आणि फेरीला काही अर्थ राहत नाही. मधल्या दारापलीकडे भट्टीवाला उभा होता. त्याच्या कपाळावर भाजल्याचा डाग होता. हातात काडेपेटी. तो कुणाकडे बघत नव्हता.

फेरी सुरू झाली. आजोबा पहिल्या पिंपापाशी थांबले, मान किंचित वर केली आणि श्वास ओढला. काय थाट होता त्या श्वासाचा! बाईंनी भावाला कोपराने ढोसलं. आजोबा दुसऱ्या पिंपापाशी गेले. तिसऱ्या. नकटी तोंडाने श्वास घेत बरोबर चालत होती. प्रत्येक तोटीखाली ती बघत होती. जमीन कोरडी दिसत होती. पण पिंपाच्या मागे काय? आणि स्पिरिट सांडलं तरी डाग थोडाच राहतो? ते उडून हवेत जातं. हवा तर दिसत नाही.

एकदा दाबलं की सुटले सगळे, असं एक मन सांगत होतं. दाब ना. कशाला गळेल? दुसरं मन काही सांगत नव्हतं. त्याला नुसता भट्टीवाल्याच्या कपाळावरचा डाग दिसत होता.

शेवटचं पिंप आलं. आजोबा वळले आणि वाट बघत राहिले. नकटीने हात दाबला नाही. आजोबांनी बोटं हलवून तिला आठवण करून दिली. तरी तिने दाबला नाही. आजोबा थोडे खाकरले.

"पेटवू का, थोरले?" पलीकडून आवाज आला.

आजोबांनी तोंड उघडलं.

"नको!" नकटी ओरडली. त्या बंद खोलीत ते केवढं तरी मोठं वाटलं. "पेटवू नका! आजोबांना वास येत नाही. दोन वर्षं झाली. वास मी घेते आणि त्यांचा हात दाबते. आणि आज मलापण येत नाहीये."

बाबा हसले. ते हसणं इतकं वाईट होतं, की नकटीने मान खाली घातली.

"ताप आहे तिला सकाळपासून," बाबा म्हणाले. "अगं, घेऊन जा तिला. माफ करा हं. आजकालची मुलं, काय काय बघत असतात आणि..."

"कोठीकाकांनी तोटी उघडी नव्हती टाकली!" नकटी रडत होती आणि नाक वाहत होतं, पुसायलाही सुचत नव्हतं. "त्या दिवशी मी नव्हते. आजोबा एकटे गेले. त्यांना कळलंच नाही. आजोबा, सांगा ना! तुम्ही सांगा!"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते बाईंकडे बघत म्हणाले, "पोरगी खोटं बोलतेय."

हे तिला अपेक्षित नव्हतं. बाबा काय म्हणतील, आई काय म्हणेल, याचा सगळा विचार तिने करून ठेवला होता. हा केला नव्हता. तिचा हात अजून आजोबांच्या हातात होता. ते बोलले तिच्याविरुद्ध, पण हात त्यांनी सोडला नव्हता.

साबणवाल्या बाई पुढे आल्या. आता त्या हसत नव्हत्या. त्यांनी पर्समधून घडी घातलेला रुमाल काढला आणि आजोबांच्या नाकासमोर धरला.

"मिटवून टाकू या की," त्या म्हणाल्या. "सांगा कुठलं ते. मुलगी खोटी ठरली, तर मी इथेच सही करते."

आजोबांनी डोळे मिटले आणि श्वास ओढला. आणि पाठीमागे, कुणाला दिसणार नाही असा, त्यांचा हात नकटीच्या हातात उघडला. पाची बोटं पसरून. जसं तहानलेलं माणूस ओंजळ पुढे करतं तसं.

आता इथली मेख बघा. नकटीला रुमालावर काय आहे ते माहीत होतं. वास न घेता माहीत होतं. आल्या आल्या बाईंना भेट म्हणून मोगऱ्याची बाटली तिनेच दिली होती, आणि बाईंनी तिच्यासमोरच रुमालावर दोन थेंब घेतले होते. अंगठ्याशेजारचं बोट एकदा दाबायचं, बस. आजोबा म्हणतील मोगरा. घर वाचेल, कारखाना वाचेल, आई पुन्हा मोठ्याने बोलायला लागेल. उद्या कोठीकाका न्यायालयात उभे राहतील आणि म्हणतील, माझ्याच हातून राहिली असेल.

ते बोट तिच्या बोटांत होतं.

तिने हात सोडला नाही. तिने तो पाठीमागून ओढून सगळ्यांसमोर आणला, दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "आजोबा, मी नाही सांगणार."

आजोबांचे ओठ हलले. गुलाब म्हणावं की चंदन, असं काहीतरी मनात चाललं असेल. मग तेही थांबलं. त्यांनी शेजारच्या पिंपाला हात टेकला आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

भट्टीवाल्याने काडेपेटी खिशात घातली. कुणी सांगायच्या आत त्याने कोठीच्या खिडक्या एकेक करून उघडल्या, सगळ्या, आणि तो बाहेर निघून गेला. बाईंनी रुमालाची घडी घातली. "निघतो आम्ही," एवढंच त्या म्हणाल्या.

गाड्या गेल्या. आई जमिनीवर बसली होती. बाबा नकटीसमोर येऊन उभे राहिले. मारतील असं वाटलं, पण त्यांनी मारलं नाही. "झालं समाधान?" ते म्हणाले. "चल, घरात चल."

समाधान कसलं? साबणवाल्यांना कळलं, म्हणून कोठीकाका सुटत नाहीत. पाहुणे पाहुण्यांच्या घरी गेले. बाबा उद्या पुन्हा तेच सांगतील. सांगायचं होतं ते न्यायालयात, आणि एकटी पोर तिथे गेली तर फोन करून बाबांनाच बोलावणार. बरोबर कुणीतरी मोठं माणूस हवं. आपल्या घरात तसं माणूस उरलेलं नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"कुठे चाललीस? अगं, कुठे चाललीस?" मागून आईची हाक आली. या वेळी फोन नाही, हाक. नकटी थांबली, पण वळली नाही. मग ती फाटकातून बाहेर पडली.

कोठीकाकांचं घर टायरवाल्याच्या दुकानामागे, लोखंडी जिन्यावर होतं. नकटी तिथे पोचली तेव्हा तिचा निळा फ्रॉक नाक पुसून पुसून ओला झाला होता. कोठीकाकूंनी दार उघडलं. त्यांच्या हातात वाटी आणि चमचा होता. काकांना अजून स्वतःच्या हाताने जेवता येत नव्हतं.

"काकू, उद्या मला तुमच्याबरोबर न्या," नकटी म्हणाली. "मला तिथे सांगायचंय. काकांची चूक नव्हती. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

आतून काकांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"पहिल्या दिवसापासून," काकू हळूच म्हणाल्या. "आणि तुम्ही लोक जेवणाचे डबे पाठवत होतात."

त्यांनी दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

नकटी जिन्यावर उभी राहिली. खाली टायरवाला दुकान बंद करत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागला. जिना उतरून ती घरी जाऊ शकत होती. काकूंनीच हाकललं म्हणाली असती, तर कुणी तिला बोल लावला नसता.

तिने पुन्हा दार वाजवलं.